बरोबर कोण हाय?

पाटगावच्या वर डोंगरात चालायला जायचं तर काय काय लागतं, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. मी सांगते. पायात धड बूट लागतात, पाण्याची बाटली लागते, एसटीच्या वेळा पाठ असाव्या लागतात, आणि तुम्ही बाई असाल तर एक पुरुष लागतो. तो उपयोगाचा असावा अशी अट नाही. त्याला वाट माहीत नसली, चढावर धाप लागत असली, तरी कुणाची हरकत नसते. नुसता बरोबर दिसला पाहिजे.

हे मी रागानं लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. परत येऊन दोन-तीन महिने झाले, राग काही उतरत नाही, आणि तो उतरायची वाट बघत बसले तर लिहिणं व्हायचंच नाही. ज्यांना शांत, प्रसन्न प्रवासवर्णन हवं आहे त्यांच्यासाठी दुसरी पुष्कळ आहेत.

मी नीला. कोल्हापुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते, लग्न केलेलं नाही, आणि माझा आवाज फार मोठा आहे अशी शिक्षकांच्या खोलीत तक्रार आहे. माझ्याबरोबर होती ती माझी थोरली बहीण, अक्का. तिचा आवाज मोठा नाही. तिचं घर कळंब्याला, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. दाजींचं कापडाचं दुकान होतं. ते गेल्यापासून अक्का त्या घरात एकटी राहते, सकाळी तळ्याच्या बांधावरून लांबवर चालून येते, आंघोळ करून लिंगपूजा करते, परसात मेथी-कोथिंबीर लावते आणि कुणाला त्रास देत नाही. त्रास तिला दुसऱ्यांनी द्यायचा असतो.

दाजींचं वर्ष झालं त्या दिवशी, पंगत उठल्यावर, तिच्या मुलानं विषय काढला. बसू पुण्याला नोकरी करतो, तिसऱ्या मजल्यावर राहतो. कळंब्याचं घर बंद करायचं आणि आईला पुण्याला न्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. विचारलं नाही, सांगितलं. चुलते, मामा, शेजारचे दोघे, सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटी बाई कशी राहणार, रात्री-अपरात्री काही झालं तर कोण आहे, वगैरे. अक्का ताक वाढत होती. ती म्हणाली, मला इथंच बरं आहे. ते कुणाला ऐकूच गेलं नाही. मला गेलं, आणि माझं डोकं फिरलं.

मी म्हणाले, एकट्या बाईचं काय होतं ते बघायचंय ना? आम्ही दोघी डोंगरात जाऊन येतो. एसटीनं जाणार, पायांनी चालणार, एसटीनं परत येणार. बरोबर एकही पुरुष नाही. नीट परत आलो तर या घरात पुन्हा पुण्याचं नाव काढायचं नाही. पुरुषमंडळी हसली. बसूही हसला आणि म्हणाला, "आणि कुणा माणसानं आणून सोडावं लागलं तर?"

उत्तर मी देणार होते, पण अक्कानं भांडं खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तर मी ट्रंक भरतो."

आमच्याकडं बायकाही असंच बोलतात. मी भरतो, मी जातो. तर अशी ती पैज लागली. अक्काचं घर त्या एका शब्दावर टांगलं गेलं आणि मला रात्रभर झोप आली नाही. अक्का घोरत होती.

आखणी

डोंगर चढणं अवघड नसतं. डोंगरापर्यंत एसटीनं पोचणं आणि तिथून एसटीनं निघणं, हे अवघड असतं. शाळेतल्या नकाशात नद्या होत्या, घाट होते, पायवाट एकही नव्हती. शेवटच्या गावांना दिवसाला एखाददुसरी गाडी जाते, आणि त्यातली खरी कामाची म्हणजे मुक्कामी गाडी. ती तिन्हीसांजेला गावात पोचते, रात्री तिथंच राहते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर ग्रामपंचायतीत झोपतात, आणि उजाडताना ती परत निघते. आमचा बेत असा होता: मुक्कामी गाडीनं पाटगावच्या पलीकडच्या एका गावात उतरायचं, सकाळी डोंगरधारेनं रांगण्याकडे निघायचं, किल्ल्याच्या वाटेवरच्या वाडीत रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी कोकणात उतरून तिथली एसटी धरायची. त्या मुक्कामी गाडीच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तिथली माणसं शाळेत येऊन भांडतील, आणि त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे.

स्टँडवर चौकशीच्या खिडकीत मी गाडीची वेळ विचारली. आतल्या माणसानं वेळ सांगायच्या आधी विचारलं, कुणाच्यात चाललाय? कुणाच्यातच नाही म्हटल्यावर त्यानं मान वर केली. तिथं कुणी आजारी नाही, लग्न नाही, मयत नाही, जत्रा नाही, मग त्या गाडीत बसायचं कारण काय? चालायला, असं मी सांगितलं. मग त्यानं तो प्रश्न विचारला, जो मी पुढं प्रत्येक ठिकाणी ऐकणार होते. "बरोबर कोण हाय?" मी म्हणाले, माझी बहीण. तो म्हणाला, "ती झाली वो. बरोबर कोण हाय?"

बुटांच्या दुकानात तीच गत. बायकांच्या मापाचे चालायचे बूट कोल्हापुरात कुणाकडेच नव्हते. बायका कुठं चालतात, असं दुकानदारानं मला विचारलं. ज्या बाईनं त्याच्या घरची घागर वाहिली असेल तिला त्यानं हे विचारायला हवं होतं. शेवटी आम्ही दोघींनी शाळेच्या पोरांचे कवायतीचे कॅनव्हासचे बूट घेतले. अक्कानं ते नऊवारीवर घालून आरशात बघितलं आणि पुष्कळ दिवसांनी हसली. बसू रजा काढून कळंब्याच्या घरातच राहिला होता, फोनपाशी. त्यानं बुटांकडं बघितलं आणि फोन जवळ ओढला.

गारगोटी

मार्गशीर्षातली थंडी होती. सकाळच्या गाडीला ऊसवाल्या ट्रॉल्यांनी वाटेत दोनदा अडवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही, उसाचे दिवसच ते. गारगोटीला बाजार भरला होता. पाटगावच्या पलीकडं जाणारी ती मुक्कामी गाडी दुपारची, म्हणून आम्ही स्टँडच्या बाकावर बसून डबा सोडला. अक्कानं बाजरीच्या कडक भाकरी आणल्या होत्या, भरलेली वांगी, शेंगदाण्याची चटणी आणि वेगळ्या पुडीत कारळ्याची. शेजारी एक म्हातारी मिरच्यांची पाटी घेऊन बसली होती. तिला अर्धी भाकरी दिली. तिनं विचारलं, लगीन कुणाचं? कुणाचंच नाही, डोंगर बघायला चाललोय, म्हटल्यावर ती म्हणाली, "आमी रोजच बघतो की. दिसतो तसाच हाय." सबंध प्रवासात बरोबर कोण हाय असं न विचारणारी ती एकटीच भेटली.

गारगोटीच्या पुढं ऊस कमी होतो, भाताची कापलेली खाचरं सुरू होतात, मग डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात. पाटगावच्या धरणाचं पाणी उजव्या हाताला लांबपर्यंत दिसत राहतं. अक्का खिडकीपाशी होती. दाजींना ती वर्षानुवर्षं म्हणत आलेली, एकदा त्या डोंगरात जाऊया, आणि दाजी दरवेळी म्हणायचे, जाऊ की. माणूस वाईट नव्हता, पण नेलं नाही ते नाहीच. ती पाण्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. तेवढा अर्धा तास मी कुणावर चिडलेली नव्हते.

गावात उतरल्याबरोबर गावचे पाटील पुढं आले. धिप्पाड, पांढरा फेटा, बोलणं दम दिल्यासारखं. आम्हाला देवळात पथारी टाकायची होती. त्यांनी आमच्या पिशव्या उचलल्या आणि चालायला लागले. "पावणं देवळात झोपल्यावर गावानं तोंड कुठं दाखवायचं?" पिशव्या त्यांच्या हातात, त्यामुळं मागून जाणं आलं.

घरी जाऊन बघतो तर मागच्या दारी कोंबडी कापून झालेली. पाहुणे आले म्हणून कापली, विचारायचं असतं हे त्यांच्या गावीही नाही. आम्ही लिंगायत, आम्ही खात नाही, असं मी सांगितलं. पाटलांचा चेहरा पडला. मग त्यांनी मलाच झापलं, की हे उतरल्या उतरल्या सांगायला पाहिजे होतं, आता कापलेल्या कोंबडीचं काय करायचं. जणू मी एसटीतून उतरताना ओरडत उतरायचं होतं. कोल्हापुरात आम्ही तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वासात जन्म काढला, त्याचा त्रास नाही. पण ताटात वाढून रुसून बसणाऱ्या यजमानाचा त्रास होतो. पाटलीणबाईंनी नाचणीची भाकरी, दूध आणि गूळ आणून ठेवला. असं दूध मी शहरात प्यायलेली नाही, एवढं मात्र कबूल करते.

जेवताना तो प्रश्न निघालाच. बरोबर कुणी नाही, आणि आम्ही मुद्दामच कुणाला आणलेलं नाही, असं अक्कानं शांतपणे सांगितलं. पाटलांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग उद्या माणूस देतो. नको म्हटलं. ते म्हणाले, देतो. मी आवाज चढवला. त्यांनी माझ्याकडं न बघता अक्काला घरचा फोन नंबर विचारला, ग्रामपंचायतीत फोन आहे, असू द्या म्हणजे झालं. अक्कानं दिला. नंतर मी तिला म्हणाले, कशाला दिलास? तिचं म्हणणं, यजमानानं मागितलं, न देणं बरं दिसत नाही. बरं दिसण्यापायी आमच्या बायकांनी काय काय दिलंय, त्याचा एकदा विचार व्हायला पाहिजे.

डोंगरधार

सकाळी अक्काची पूजा होईपर्यंत धुकं होतं. आम्ही निघालो आणि दहा पावलांवर एक माणूस मागं. मी थांबले की तो थांबायचा. विचारलं तर म्हणाला, पाटलांनी सांगितलंय. त्याचा ऊस तोडायला टोळी आलेली, घरी माणूस नाही, तरी तो दोन धडधाकट बायकांच्या मागं डोंगर चढत होता. परत जा म्हटलं तर जाईना. ओढ्यापाशी गावची हद्द संपली, तिथं पलीकडून वरच्या वाडीचा दुसरा माणूस उभा. पहिल्यानं त्याला हाक मारून सांगितलं, "धोंडिबा, दोन पावणं हाईत. संबाळून न्या." आणि तो वळून गेला. पोस्टातलं रजिस्टर पार्सल एका हातातून दुसऱ्या हातात देतात, तसं आम्हाला दिलं. फक्त सही घ्यायची राहिली.

ही तिकडची रीत. पाहुणा शिवेपर्यंत पोचवायचा, पुढच्या गावच्या हाती द्यायचा. पुरुष पाहुणा असला तर दोन शब्द बोलून निरोप देतात, बाई असली तर ताब्यात देतात. अक्का मला म्हणाली, जाऊ दे, शिवेपर्यंतच येतात, घरापर्यंत थोडेच येणार? पैजेत ते बसत नाही. मला ते पटलं नाही. एकदा माणूस चिकटला की तो शेवटी घरापर्यंत येतो, निदान गोष्टीत तरी.

धोंडिबा साठीच्या आतबाहेरचा, काटक, खांद्यावर घोंगडं, हातात कोयता. चार घरांच्या वाडीत म्हशी राखतो, पोरगा मुंबईला. बोलायची भारी हौस. गवे कुठं उतरतात, अस्वल कुठं दिसलं, सगळं सांगत होता, आणि दर वाक्याला, मी हाय म्हणून काळजी न्हाय. काळजी आम्हाला आधीही नव्हती. अक्का त्याला मामा म्हणायला लागली. तो तिला अक्का. मला तो काहीच म्हणत नव्हता, यात त्याची हुशारी दिसते.

पण डोंगराबद्दल लिहायला पाहिजे, नाहीतर राग त्यालाही गिळेल. धारेवर चढलो तेव्हा धुकं खाली राहिलं होतं. एका बाजूला आपला घाटावरचा देश, पाण्याचा तुकडा चमकतोय, दुसऱ्या बाजूला एकदम तुटलेला कडा आणि खाली कोकण, निळं, धुरकट. वाळलेल्या कारवीतून वारा करकरत होता. अक्का कड्यापासून जरा आत, त्या शाळकरी पोरांच्या बुटांत उभी राहिली आणि बराच वेळ हलली नाही. मग म्हणाली, हे एवढं जवळ होतं. डोळे तिचे कोरडे होते. मला मात्र दाजींचा, बसूचा, खिडकीतल्या माणसाचा, सगळ्यांचा एकदम राग आला.

तिथून थोडं पुढं एका काळ्या कपारीखाली मोहोळं लटकत होती, आग्या मोहोळं, सुपाएवढी. आम्ही लांबून, आवाज न करता गेलो. पुढं जांभळीच्या सावलीत बसलो तर धोंडिबा मागं राहिलेला. बघतो तर हा त्या कपारीखाली वाळलं-ओलं गवत गोळा करतोय. अक्कानं हातानं खुणावलं, नको. तो ओरडून म्हणाला, "पावणं माझ्या शिवेतनं मोकळ्या तोंडानं कसं जाईल? मध घिऊन जावा की." आग्या मोहोळ रात्रीच्या अंधारात काढतात, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण पाहुणे भर दुपारी चाललेले, आणि पाहुण्यांना काहीतरी दिल्याशिवाय सोडणं त्याच्यानं होईना. त्यानं गवताला काडी लावली. धूर वर जायच्या आधी माशा खाली आल्या.

तो पळाला तो कड्याच्या बाजूला. डोक्याभोवती नुसता काळा घोळका, आणि तोंडातून आवाजही निघेना. मी ओरडले, धोंडिबा, इकडं. अक्का ओरडली नाही. तिनं पिशवीतली जाड चादर काढली, डोक्यावरून घेतली आणि सरळ त्याच्याकडं चालत गेली. पळाली नाही, चालत गेली. मी मागोमाग गेले, म्हणजे जावंच लागलं. तिनं त्याचं पडलेलं घोंगडं उचलून त्याच्यावर टाकलं, मी त्याचा दंड धरला, आणि आम्ही त्याला ओढत कारवीच्या जाळीत नेऊन आडवं केलं. तिथं तिघं एका घोंगड्या-चादरीखाली पडून राहिलो. मला कानाला आणि मानेला चावल्या, अक्काचे हात मनगटापर्यंत सुजले. सगळा वेळ मी धोंडिबाला शिव्या घालत होते. तो म्हणत होता, मध ऱ्हायला.

माशा शांत झाल्यावर बघितलं तर त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. डोळे सुजून पार मिटलेले. दोनदा उलटी झाली. त्याच्या वाडीत सगळी म्हातारी माणसं, औषधपाणी काही नाही. रांगण्याची वाट समोर, स्वच्छ दिसत होती. मी अक्काकडं बघितलं. तिनं त्याचा हात हातात घेतला होता आणि ती आल्या वाटेकडं वळली होती. उतरताना प्रत्येक दगड ती त्याला सांगत होती. इथं पाय, मामा. इथं नको. माझ्या खांद्यावर तीन पिशव्या, त्याचा कोयता आणि माझा बेत.

परत गावात

तिन्हीसांजेला आम्ही गावात शिरलो. मुक्कामी गाडी उभीच होती. माणसं जमली, पाटील आले, कुणीतरी चुना लावला, कुणी कांदा चोळला. मी हातपाय धुऊन चहा घेऊन बाहेर आले, तेवढ्यात गोष्ट तयार झाली होती. पाटील ओट्यावर बसून सांगत होते, की मोहोळ उठलं, बायका घाबरल्या, आणि धोंडिबानं माशा स्वतःच्या अंगावर घेऊन त्यांना वाचवलं. लोक वा वा करत होते. धोंडिबा भिंतीला टेकून, डोळे मिटलेला, गप्प. त्यानं नाही म्हटलं नाही.

मी सांगायला लागले तर पाटील म्हणाले, "व्हय व्हय, बाई, बसा. भ्यालाय तुमी." मी जेवढं मोठ्यानं बोलावं तेवढी मी जास्त भ्यालेली ठरत होते. एक साठीचा माणूस, दोन बायकांनी हाताला धरून डोंगर उतरवून आणलेला, सगळ्या गावासमोर आणलेला. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं आणि तरी त्यांना त्यानं आम्हाला आणलेलं दिसलं.

अक्का म्हणाली, याला सकाळी गारगोटीला दवाखान्यात न्यायला पाहिजे. दोन दिवसांत सूज उतरेल, असं पाटलांचं मत. ती हटेना. मग न्यायचं कुणी? एकाचा ऊस, एकाची म्हैस व्यायला झालेली, एकाच्या घरी सोयरीक. सकाळी आम्हा दोन धडधाकट बायकांच्या मागं लावायला या गावात माणूस होता. आता एका आंधळ्या झालेल्या, तापानं फणफणलेल्या माणसाबरोबर पाठवायला माणूस नव्हता. पाटील मोकळ्या मनानं म्हणाले, "तुमी चाललाय न्हवं गाडीनं, तेवढं बघा की त्येच्याकडं." मी काय उत्तर दिलं ते इथं छापता येणार नाही. पाटलीणबाई दाराआड होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

पुन्हा गारगोटी

उजाडताना गाडी निघाली. धोंडिबा आमच्या दोघींच्या मध्ये, डोक्याला टॉवेल, अक्काचा हात घट्ट धरून. वळणावर गाडी हलली की तो विचारायचा, कुठं आलो? अक्का सांगायची.

गारगोटीच्या स्टँडवर उतरलो आणि समोर बसू. भाड्याची जीप, ओळखीचा ड्रायव्हर. रात्रीच पाटलांचा फोन गेला होता. बसूचा चेहरा ओढलेला होता, खरंच घाबरला होता तो. आईच्या सुजलेल्या हातांकडं बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट मुलगा नाही तो. वाईट असता तर भांडण सोपं झालं असतं. पण मग त्यानं धोंडिबाला बघितलं, त्याचे आभार मानले, आणि हलक्या आवाजात आईला म्हणाला, "अव्वा, शेवटी माणूसच लागला की नाही आणायला? बस गाडीत. ट्रंकेचं घरी गेल्यावर बघू."

मी तोंड उघडलं. अक्कानं मला थांबवलं. ती धोंडिबाकडं वळली.

"मामा, माझा पोरगा हाय ह्यो. त्येला सांगा. कुणी कुणाला आणलं?"

आजूबाजूला पाच-दहा माणसं थांबली होती. धोंडिबाला ती दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. त्यानं मान ताठ केली. माझ्या मनात आलं, आता बोल रे बाबा खरं. अक्काचं घर त्या सुजलेल्या तोंडात होतं.

तो म्हणाला, "बायकामाणसं एकटी कशी सोडायची? पाटलांचा शब्द हुता. म्या आणलं गारगोटीपातूर."

अक्कानं त्याच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि दोन पावलं मागं सरली.

एक गाडी मागं येत होती, कंडक्टर तिच्यामागं उभा राहून शिट्टी वाजवत होता. धोंडिबा तिथंच उभा. हात अजून पुढं धरलेला. त्यानं तो इकडं फिरवला, तिकडं फिरवला, एक पाऊल टाकलं आणि अडखळला. "अक्का? कुठं हाय तुमी?" बसू पुढं व्हायला लागला तर मी त्याचा शर्ट धरला. बसू त्या हाताकडं बघत राहिला. धोंडिबाचा आवाज फुटला, "अक्का, हात द्या की. मला दिसना झालंय."

मग अक्का पुढं गेली आणि तिनं हात दिला. चला मामा, दवाखाना लांब न्हाय, म्हणाली. आम्ही निघालो. बसू आमच्या पिशव्या घेऊन मागून आला. डॉक्टरांनी धोंडिबाला सुया टोचल्या, ठेवून घेतलं, सूज तीन-चार दिवसांत उतरेल म्हणाले. आम्ही निघताना त्यानं अक्काला सांगितलं, पुढच्या बारीला रातचा काढतो मध. तिनं बरं म्हटलं. मी नसतं म्हटलं.

त्या गावात आजही गोष्ट पाटलांचीच चालते, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझा राग त्यामुळंच उतरत नाही. अक्काला विचारलं तर ती म्हणते, त्यांच्या ओट्यावर काय का सांगेनात, मला माझ्या ओट्यावर बसायचं होतं. येत्या हिवाळ्यात ती पुन्हा जाणार आहे, रांगणा राहिलाय म्हणून. बूट तिनं धुऊन ठेवलेत.

त्या दिवशी जीप मोकळीच परत गेली. दुपारच्या कोल्हापूरच्या गाडीत गर्दी होती. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला, आम्हा दोघींकडं बघितलं आणि अक्काला विचारलं, बरोबर कोण हाय? बसूचा हात खिशाकडं गेला होता. अक्कानं त्याला बसल्या जागी गप्प केलं आणि कंडक्टरला म्हणाली, "तीन कळंबा द्या. ह्येला घरी पोचवायचं हाय."